एप्सिलॉन, डिटरमिनंट आणि एक वजा: वाचकांचे प्रश्न

प्रश्न : डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रलची गणितं पटापट सुटतात. पण लिमिटची एप्सिलॉन-डेल्टा व्याख्या समोर आली की काही सुधरत नाही. ती नसती तर काय बिघडलं असतं?

रास्त शंका आहे. न्यूटन आणि लायबनिट्स यांच्यापाशी ही व्याख्या नव्हती, तरी त्यांचं कॅल्क्युलस चाललं. अडचण आली ती अनंत बेरजांपाशी. गणितज्ञ कोशीने १८२१ साली लिहिलं, की सलग फंक्शन्सची अनंत श्रेणी अभिसारी असेल, म्हणजे तिची बेरीज ठराविक किमतीकडे जात असेल, तर ती बेरीजही सलगच येते. १८२६ साली गणितज्ञ आबेलने याला अपवाद दाखवला.

असं का होतं, ते बेरजेऐवजी नुसती फंक्शन्सची रांग घेतली तर साध्या उदाहरणात दिसतं. ० ते १ मध्ये क्ष, क्षचा वर्ग, क्षचा घन, असे घात चढवत जा. प्रत्येक आलेख सलग आहे. पण शेवटी हाती येतं ते तुटलेलं फंक्शन: १ च्या अलीकडे सगळीकडे ०, आणि बरोबर १ वर १. कारण सगळे बिंदू एकाच वेगाने शून्याकडे जात नाहीत. ०.९ ला ०.१ च्या खाली आणायला २२वा घात पुरतो, ०.९९ ला २३०वा लागतो. नुसतं 'जवळ जातं' म्हटलं तर हा फरक हरवतो. 'किती जवळ हवं, आणि त्यासाठी कुठवर जावं लागेल' असं विचारलं की तो पकडता येतो.

सुरुवात मात्र सोप्यापासून करा. ३क्ष + १ ची किंमत ७ पासून ०.०३ च्या आत हवी असेल, तर क्षला २ पासून किती अंतरात ठेवाल? ०.०१. यातला ०.०३ हा एप्सिलॉन, ०.०१ हा डेल्टा.

प्रश्न : मॅट्रिक्सचा गुणाकार, डिटरमिनंट, आयगेनव्हॅल्यू सगळं काढता येतं. पण हे आहे काय, ते कळत नाही.

मग काढणं थोडं थांबवा आणि चौकटीचा कागद घ्या. पहिली ओळ २, १ आणि दुसरी ओळ १, २ असलेलं मॅट्रिक्स बघा. त्याचा पहिला स्तंभ सांगतो (१, ०) कुठे गेला: (२, १) वर. दुसरा सांगतो (०, १) कुठे गेला: (१, २) वर. एकक चौरसाचा आता तिरका समांतरभुज चौकोन झालाय. त्याचं क्षेत्रफळ मोजा, ३ येईल. डिटरमिनंटही ३ च. डिटरमिनंट शून्य आला तर अख्खं प्रतल चेपून एका रेषेवर किंवा बिंदूवर आलं, म्हणून तर उलट मॅट्रिक्स मिळत नाही.

आता (१, १) घाला: (३, ३) येतं. दिशा तीच, लांबी तिप्पट. (१, -१) तर जागचं हलतच नाही. या दोन दिशा म्हणजे आयगेनव्हेक्टर. ३ आणि १ या त्यांच्या आयगेनव्हॅल्यू. त्यांचा गुणाकार पुन्हा ३, कारण क्षेत्रफळ तेवढ्याच पटीने वाढलं. मला हे लिनियर अल्जेब्रातलं सर्वांत सुंदर पान वाटतं, आणि ते सूत्रांच्या आधी शिकवायला हवं.

गुणाकाराचंही तेच: एकापाठोपाठ एक दोन बदल. क्रम उलटला की उत्तर का बदलतं, ते कागदावर लगेच दिसेल.

प्रश्न : कॅल्क्युलस, लिनियर अल्जेब्रा आणि स्टॅटिस्टिक्स या तिन्हींपैकी आधी कोणता विषय घ्यावा?

लिनियर अल्जेब्राला कॅल्क्युलसची जवळपास गरज नाही, दोन्ही एकत्र चालतात. स्टॅटिस्टिक्सची तोंडओळख आधीही होते, पण सलग वितरणांसाठी इंटिग्रल लागतोच.

प्रश्न : नमुन्याचा व्हेरियन्स काढताना एनऐवजी एन वजा १ ने का भागतात? 'डिग्री ऑफ फ्रीडम' या उत्तराने समाधान होत नाही.

मलाही ते उत्तर अपुरं वाटतं. व्हेरियन्स म्हणजे सरासरीपासूनच्या अंतरांच्या वर्गांची सरासरी, आणि एन म्हणजे नमुन्यातल्या आकड्यांची संख्या. हिशेबच करू. दोन चिठ्ठ्या घ्या, एकीवर ०, दुसरीवर २. सरासरी १, खरा व्हेरियन्स १. एक चिठ्ठी काढा, परत टाका, पुन्हा एक काढा. चार शक्यता आहेत: ०-०, ०-२, २-०, २-२. प्रत्येक वेळी नमुन्याची स्वतःची सरासरी धरून २ ने भागलं तर व्हेरियन्स येतो ०, १, १, ०. त्यांची सरासरी अर्धा, म्हणजे निम्माच. १ ने भागलं तर ०, २, २, ०, सरासरी १. अगदी खऱ्याइतकी.

नमुन्याची सरासरी त्याच आकड्यांतून काढलेली असते, म्हणून ती त्यांच्या मधोमध बसते आणि वर्गांची बेरीज खऱ्या सरासरीपासून मोजलेल्या बेरजेपेक्षा कधीच जास्त भरत नाही. ०-० या जोडीत तर ती थेट शून्य झाली, जरी दोन्ही आकडे खऱ्या सरासरीपासून एकेक अंतरावर आहेत. एन वजा १ ने ही तूट सरासरीत भरून निघते. नमुना १००० चा असेल तर दोन्ही उत्तरांत नावापुरता फरक पडतो. ५ चा असेल तर तो दुर्लक्ष करण्याजोगा नाही.