(२०२१, करोनाची दुसरी लाट) वर्षभर घरातूनच काम करतोय, आता लॉकडाउनमुळे परत सगळं बंद झालंय, घरात आई आहे आणि तिला शुगर आहे. अशात पॉझिटिव्ह कसं राहायचं?

आमच्या घरात सध्या हा शब्दच बंद आहे हो. मजल्यावर चार बिऱ्हाडं, त्यातली दोन या महिन्यात पॉझिटिव्ह निघाली, त्यामुळे फोनवर कुणी "पॉझिटिव्ह राहा" म्हणालं की सासूबाई लांबूनच ओरडतात, शुभ बोला जरा.

तुम्ही लिहिलंय की उठल्यापासून बातम्या, मग लॅपटॉप, रात्री झोप नाही, आणि आईसमोर चेहरा हसरा ठेवायचा म्हणून आणखीच थकायला होतं. मला विचाराल तर थकवा त्या हसऱ्या चेहऱ्याचाच जास्त आहे. मी डॉक्टर वगैरे नाही, डोंबिवलीत राहते, एका छोट्या कंपनीचे अकाउंट्स बघते, आणि वन बीएचकेत आम्ही पाच जणं, मी, नवरा, पाचवीतला मुलगा, सासूबाई आणि आप्पा म्हणजे सासरे. त्यामुळे सांगते ते एवढ्या जागेतलंच.

गेल्या वर्षी आमचीही सुरुवात जोरात झाली होती. २५ मार्च २०२० म्हणजे पाडवाच होता, आदल्या रात्री आठला टीव्हीवर ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी गुढीला गाठी नाही, आणायच्याच राहिल्या, सासूबाईंनी वाटीत साखर ठेवून भागवलं. एकवीस दिवसांचं तर आहे म्हणून मी चकल्या केल्या, ती फेसाची दलगोना कॉफी केली, मुलासाठी रंगीत टाइमटेबल करून फ्रिजवर लावलं. मग १४ एप्रिल आला आणि ३ मे झाला, मग १७, मग ३१. दर वेळी आम्ही "चला, आता एवढेच दिवस" म्हणून दम धरायचो आणि दर वेळी तारीख पुढे गेली की अख्खं घर दोन दिवस तोंड पाडून बसायचं. तेव्हापासून मी तारीख धरणं सोडलंय. आताही कुणी पंधरा दिवस म्हणतंय कुणी महिना, मी ऐकते आणि कणीक मळायला घेते.

खरं भांडण झालं ते गेल्या मे महिन्यात, तेही करोनावरून नाही, चहाच्या कपावरून. नवऱ्याने कप बेसिनमध्ये न ठेवता माझ्या लॅपटॉपशेजारी ठेवला एवढंच, पण मी जे बोलले ते बोलले आणि मग बाथरूममध्ये नळ सोडून रडले, कारण आमच्या घरात कडी लावून बसता येईल अशी ती एकच जागा. तिथे बसल्यावर लक्षात आलं की मला ट्रेनची आठवण येतेय. हसाल तुम्ही, डोंबिवलीची सकाळची फास्ट लोकल, पाय ठेवायला जागा नसते, पण जाऊन-येऊन दोन-सव्वादोन तास मला कुणी "माझा मोजा कुठंय" असं विचारत नव्हतं ना. भाजी निवडायची, ग्रुपमध्ये टिंगल करायची, नाहीतर नुसतं दारातून खाडी बघायची. लोकल बंद झाल्या तेव्हा पगार चालू होता, हा तास बंद झाला. आणि असा काहीतरी तास घरातल्या प्रत्येकाचा गेला होता, आप्पांचा कट्टा गेला, सासूबाईंचं भजनी मंडळ गेलं, पोराचं ग्राउंड गेलं.

मग आम्ही गॅलरी रिकामी केली. चार बाय सहाची असेल, त्यात जुना कूलर, रद्दी, कपड्यांचा स्टँड आणि तुळस. तुळस ठेवली, बाकी हलवलं, एक प्लास्टिकची खुर्ची टाकली आणि वाटून घेतली. सासूबाई सकाळी सहाला पोथी घेऊन, आप्पा दहाला, मुलगा चारला, नवरा सहानंतर, आणि मी रात्री नऊला. नियम एकच, जो खुर्चीत बसलाय त्याला हाक मारायची नाही, काही विचारायचं नाही, आणि तो तिथे काय करतो तेही विचारायचं नाही. पहिले दोन दिवस सगळे हसले, मुलगा म्हणाला मी काय शिक्षेत आहे का. आठवड्याने तोच तीन पंचावन्नला दार वाजवायला लागला. आता त्याला पाण्याचा टँकर कधी येतो, समोरच्या बिल्डिंगमध्ये कोण कुणाशी बोलत नाही, कावळ्याने काड्या कुठून आणल्या, सगळं माहितीय.

तुमच्याकडे जागा मोठी असेल तर सोपंच आहे, पण आईंनाही असा तास द्या. आपल्याला वाटतं म्हाताऱ्या माणसांना सतत सोबत पाहिजे, तसं नसतं, त्यांनाही आपला कंटाळा येतो, फक्त त्या बोलत नाहीत.

एक विचारू का, राग मानू नका. घरातली भांडी कोण घासतं? कारण मावशींना सोसायटीने गेल्या वर्षी आत सोडणं बंद केलं (पगार आम्ही चालू ठेवला, तो ठेवायलाच हवा होता) आणि पाच माणसांचं तीन वेळचं सगळं माझ्या आणि सासूबाईंच्या गळ्यात पडलं, तेव्हा नवरा रोज सकाळी प्राणायाम करून प्रसन्न असायचा आणि मला सांगायचा, तू पण कर, बरं वाटेल. मी म्हटलं रात्रीची भांडी तू घास, मला लगेच बरं वाटेल. खरंच वाटलं! घरातल्या एका माणसाची पाठ मोडून बाकीच्यांनी शांत राहण्यात काय अर्थ आहे. आता भांडी नवऱ्याकडे, कपडे वाळत घालणं मुलाकडे, लसूण सोलणं आप्पांकडे, बातम्या बघताबघता सोलतात.

बातम्या म्हणजे फक्त संध्याकाळी सातच्या, अर्धा तास. आधी दिवसभर चालू असायच्या, खालच्या पट्टीवर आकडे, आणि आप्पा ते मोठ्याने वाचायचे. टीव्ही बंद केला तर व्हॉट्सॲपवर काढे यायला लागले, दिवसातून चारदा वाफ घ्या म्हणून कुणीतरी पाठवलं आणि सासूबाईंनी घाईत पातेल्याची वाफ घेताना हात पोळून घेतला. वाफेने नाक मोकळं होतं, विषाणू मरत नाही, हे आमच्या डॉक्टरांनी त्यांना रागावून सांगितलं तेव्हा कुठे थांबलं ते.

आप्पांना दुसरं काम लागलं ते आपोआप. कट्ट्यावरचे सोबती, त्यातले दोघं एकटे राहतात, मुलं परदेशात. आप्पा रोज अकराला तीन जणांना फोन करतात, नंबर लावून, वहीत खूण करतात. विषय काय, तर पोट साफ झालं का, पेन्शन आली का, लसीचा नंबर लागला का. मार्चमध्ये साठीच्या वरच्यांना सुरू झाली तेव्हा दोघांचा पहिला डोस झाला आमच्याकडे, सासूबाई ठेवणीतली साडी नेसून गेल्या होत्या, कारण वर्षात पहिल्यांदा कुठेतरी जायचं होतं. दुपारी आप्पा नातवाला पावकी-निमकी, म्हणजे पाव-अर्ध्याचे जुने पाढे, शिकवतात, त्याला ती काही उपयोगाची नाही, पण ऑनलाइन शाळेत कॅमेरा बंद करून झोपणारा पोरगा दीडकी म्हणताना जागा असतो.

या पाडव्यानंतर तीन दिवसांनी त्या वहीतले एक गेले. हॉस्पिटलमध्ये होते, शेवटचं बघायलाही मिळालं नाही. आप्पा त्या दिवशी दहाला खुर्चीत बसले ते संध्याकाळी पाचपर्यंत. मुलाने चारचा नंबर पण सोडून दिला. आम्ही कुणी "असं होतंच, मन घट्ट करा" वगैरे बोललो नाही, सासूबाईंनी ताक नेऊन ठेवलं आणि आत आल्या. संध्याकाळी कट्ट्यावरच्यांचा व्हिडिओ कॉल लावून दिला, निम्म्यांना म्यूट काढता येत नव्हतं, एकाचं फक्त कपाळ दिसत होतं, आणि तरी सव्वा तास चालला. शेवटी शेवटी हसत होते म्हातारे, गेलेल्यांनी कुणाचे तरी पैसे बुडवले होते त्यावरून. रडायचं असेल तेव्हा रडू द्यावं असं मला वाटतं, आईसमोर तुम्हीही रडलात तर काही बिघडत नाही, त्यांना कळतंच आहे सगळं.

आता आजाराची भीती. ती जाणार नाही, पण तयारी केली की जरा हातात येते. आमच्याकडे एका पिशवीत ऑक्सिमीटर, थर्मामीटर, पॅरासिटामॉल आणि डॉक्टरांचे दोन नंबर कागदावर लिहून. ऑक्सिजन सकाळ-संध्याकाळ बघायचा, दर दहा मिनिटांनी नाही, माझ्या जावेने तसं करून स्वतःला वेड लावून घेतलं होतं. बोटाला मेंदी किंवा नेलपेंट असेल, हात गार असेल तर आकडा चुकतो, हात चोळून परत बघा. ९४ च्या खाली दिसला की मात्र डॉक्टरांना फोन, सकाळ होण्याची वाट बघायची नाही. आईंना शुगर आहे म्हणजे ताप साधा वाटला तरी लगेच टेस्ट, आणि कुणी सांगितलं म्हणून स्टेरॉइडची गोळी मनाने द्यायची नाही, शुगर भयंकर चढते त्याने.

आणि झोप. तुम्ही लिहिलंय महिनाभर नाही, जेवण जात नाही. ते खुर्चीने किंवा भांड्यांनी सुटणारं नसेल कदाचित. सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे (२०२१ मध्ये ती किरण होती, आता टेली-मानस, १४४१६), पैसे लागत नाहीत, दिवसरात्र चालू असते आणि मराठीतून बोलता येतं. माझ्या ट्रेनच्या ग्रुपमधल्या एकीने लावला होता, मग तिथून तिला डॉक्टरकडे जायचा धीर आला. आता ती बरी आहे, दर मंगळवारी आमच्या गाडीच्या वेळेला आम्ही सगळ्या व्हिडिओवर भेटतो, तेव्हा तिचाच आवाज सगळ्यात मोठा असतो.

बरं, पावणेदहा झाले, माझी खुर्चीची वेळ तुम्हाला लिहिण्यात गेली. आईंच्या शुगरच्या गोळ्या महिनाभर पुरतील एवढ्या आणून ठेवा, या लॉकडाउनमध्ये किराणा सकाळी अकरालाच बंद होतो पण मेडिकल उघडं असतं.