इंदूरजवळच्या शेतावर कडकनाथची पिल्लं सरकत्या खुराड्यात कधीपासून ठेवावीत?

चार आठवड्यांची होऊन अंगभर पिसं आली की ठेवा, घाई करू नका. तोवर पिल्लं बल्बच्या उबेतच हवीत. पहिल्या आठवड्यात साधारण 35 अंश, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी. कडकनाथ आपल्या शेजारच्या झाबुआचा, काटक आहे, पण पिल्लू ते पिल्लूच.

खुराडं 6 बाय 8 फुटांचं, बिनतळाचं करा. वीसेक पिल्लं मजेत राहतात. वजन इतकंच ठेवा, की घरातली बाई एकटी ओढू शकेल. रोज सकाळी एक लांबी पुढे सरकवा. विष्ठा साचत नाही, गवताला खत मिळतं आणि पिल्लं ताज्या किड्यांवर तुटून पडतात.

जाळीत मात्र काटकसर नको. आमच्याकडे मोठ्या भोकांची जाळी होती, मुंगसाने एका रात्रीत सात पिल्लं नेली. अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी घ्या, खालच्या कडेला बाहेरून फूटभर पसरून दगड ठेवा.

पावसाळ्यात आपली माळव्याची काळी माती चिकट होते, चाकं रुततात. तेव्हा उंचवट्यावरच्या कोरड्या शेडमध्ये हलवा. ओल्यात रक्ती हगवण लागते. मे महिन्यात ऊन तापतं, तेव्हा खुराड्याच्या छपराच्या पत्र्यावर गवताचा थर घाला.