मॉडेल रेल्वेचा मोठा लेआउट अर्ध्यावर अडकलाय, उत्साह टिकवायचा कसा?

तुम्ही लिहिलंय की गच्चीवरच्या 22 बाय 14 फुटांच्या खोलीत एचओ मापाच्या मॉडेल रेल्वेचा लेआउट काढलाय, फ्रेम उभी आहे, प्लाय ठोकून झालाय, रूळ निम्मे पडलेत, वायरिंगला हात घातला आणि तिथंच गाडी अडली. आता खोलीचं कुलूप काढायचाही कंटाळा येतो. इथपर्यंत वाचून मी पुढं गेलो असतो, कारण हे सगळ्यांचंच होतं. पण शेवटी तुम्ही घरच्यांचं एक वाक्य टाकलंय, ‘आधी सगळं पूर्ण कर, मग गाडी लाव’, आणि ते वाचून मला बसवेना. हेच वाक्य मी आमच्या दाजींच्या तोंडून इतकी वर्षं ऐकतोय की हे उत्तर तुम्हाला कमी आणि त्यांना जास्त असणार आहे. चालवून घ्या.

माझं सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचं छोटं शेड आहे. धंदा बसला तेव्हा काही माग विकले, मागची बाजू मोकळी झाली. तिथं माझं कुर्डुवाडी जंक्शन आहे, म्हणजे होतंय. मधे ब्रॉडगेज आणि एका अंगाला बार्शी लाईट, म्हणजे तिथली जुनी नॅरोगेज रेल्वे. दाजी म्हणजे अक्काचे यजमान. रेल्वेत पी.डब्ल्यू.आय., म्हणजे रुळांची देखभाल बघणारे इन्स्पेक्टर होते. नोकरीची सुरुवातच त्यांची कुर्डुवाडीला नॅरोगेजवर झाली, त्यामुळं लेआउटचा विषय निघाल्यावर माझ्या आधी त्यांनाच उकळी फुटली. पहिल्या दिवशी आले ते खिशात व्हर्निअर, म्हणजे मिमीचाही अंश मोजणारी पट्टी घेऊन.

मोजून झाल्यावर म्हणाले, “हे ब्रॉडगेज न्हाई.”

खरंच नाही. एचओ म्हणजे 1:87, खऱ्याच्या सत्त्याऐंशी पट लहान. त्याचे रूळ 16.5 मिमी अंतराचे, म्हणजे विलायतेतल्या 1435 मिमीच्या गेजचे. आपलं ब्रॉडगेज 1676. त्याला 87 ने भागलं की 19.26 येतात. पावणेतीन मिमीचा फरक दाजींना झोपू देईना. मी म्हटलं, दाजी, तीन फुटांवरून बघणाऱ्याला पावणेतीन मिमी दिसत नाहीत, आणि 19 मिमीचे रूळ हातानं बनवायला बसलो तर मी साठीत पोचेन तेव्हा कुठं आउटर सिग्नल येईल. नॅरोगेजवर मात्र त्यांचा राग निवळला. बार्शी लाईटचं गेज अडीच फूट, 762 मिमी. भागिले 87, पावणेनऊ मिमी. बाजारात एन स्केलचे, म्हणजे एचओहून लहान मापाचे रूळ मिळतात 9 मिमीचे. म्हणजे एन स्केलच्या इंजिनाची चाकं-मोटर घ्यायची, वरचा डबा 1:87 मध्ये पत्र्याचा किंवा स्टायरीनच्या प्लास्टिकचा बनवायचा, की बार्शी लाईट जवळपास केसाइतकी अचूक उभी राहते. दाजींनी व्हर्निअर मिटवून खिशात घातला आणि चहा मागितला.

इथपर्यंत बरं चाललं होतं. बिनसलं ते पुढं. दाजींचा क्रम ठरलेला. आधी सगळी लाईन टाकायची, मग लेव्हल, मग वायर, मग ट्रॉलीनं तपासणी (त्यांनी लाकडाची पुश-ट्रॉली बनवली होती, माणसासकट), मग गाडी. झाडं, घरं, शेतं सगळ्यात शेवटी, वेळ उरला तर. “लाईन पुरी झाल्याबिगर गाडी सोडत नसतेत,” हे ब्रह्मवाक्य. मोठा माणूस, त्यात नोकरीभर रुळावर चाललेला. कोण बोलणार?

मग काय, दिवाळी गेली, संक्रांतीची गड्ड्याची जत्रा गेली, उन्हाळा आला. शेडमध्ये नुसता प्लाय. वर सुताची धूळ. आमच्याकडं ती काय प्रकारची असते हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. मागाजवळ हवेतच तंतू तरंगतात, रुळावर बसतात आणि चाकाच्या आसाला गुंडाळून घट्ट होतात. आमचा जॉबर, म्हणजे मागांवरचा मुकादम, पाळी संपली की पडद्याआड डोकावायचा, “मालक, गाडी कवा?” नंतर नंतर त्यानं विचारणंही सोडलं. मला जास्त ते लागलं.

पावसाळ्यात दाजी आणि अक्का पोराकडं पुण्याला गेले. मी गप एक गोष्ट केली. कुर्डुवाडीच्या नॅरोगेज फलाटाचं टोक आणि त्याला लागून चारेक फुटांचा तुकडा निवडला. बाकी प्लायवर जुनी चादर टाकली, दिसायलाच नको. त्या तुकड्याला दोन वायरी आणि साधा 12 व्होल्टचा डीसी कंट्रोलर. डीसीसी-बिसीसी, म्हणजे प्रत्येक इंजिन वेगळं चालवायची डिजिटल पद्धत, ती नंतर. आणि रूळ चालू झाल्याझाल्या पुढची लाईन टाकायची सोडून तिथलं शेत करायला बसलो.

शेताचं सांगतो, कारण हे तुम्हाला कुठल्या परदेशी व्हिडिओत सापडणार नाही. लोक बाहेरून स्टॅटिक ग्रास म्हणजे नकली गवताचे तंतू मागवतात, आमच्याकडं सेकंडचे टॉवेल पडून असतात. टेरी टॉवेलचा लूप साधारण 4 मिमी उंच. गुणिले 87, म्हणजे 35 सेंटीमीटर. 35 सेंटीमीटर उंचीचं आपल्याकडं काय असतं? हरभरा. मग रंगखात्यातून हिरवट-पिवळा रंग मारून आणला. न्हाव्याच्या ट्रिमरनं लूपची टोकं उडवली, कारण अखंड लूप ठेवला तर शेत न दिसता टॉवेलच दिसतो. उलट्या बाजूनं पाण्यात पातळ केलेला फेव्हिकॉल भरपूर पाजला, बसवला आणि अर्धवट ओला असतानाच जुन्या टूथब्रशनं पिंजून उभा केला. मधल्या काही ओळी दाभणानं उपसून काढल्या की सरी दिसते. रब्बीची ज्वारी 45 सेंटीमीटरवर पेरतात, तिची ओळ 5 मिमीवर येते, पण ज्वारीला टॉवेल चालत नाही. मालदांडीचं ताट दोन मीटरच्या वर जातं, म्हणजे 23-25 मिमी. त्याला रंगाच्या ब्रशचे केस लावले, वर फेव्हिकॉलचा थेंब आणि त्यावर लाकडाचा भुसा, झालं कणीस. बांधावर बाभळी, त्या खऱ्या बाभळीच्याच काटक्यांच्या.

मग त्या चार फुटांवर एक इंजिन आणि दोन डबे नुसते मागं-पुढं. एवढंच. पाळी सुटल्यावर पोरं यायला लागली. जॉबर तर डबा खाता खाता बघत बसायचा. एकानं स्वतःहून विचारलं, मालक पुढं बार्शीला कधी जाणार. पुढं जायचं म्हणजे रूळ टाकणं आलं, सोल्डरिंग आलं, तीच सगळी रटाळ कामं. पण आता गाडीला पुढच्या तुकड्यावर न्यायचं होतं, म्हणून ती होत गेली. ‘मोटिव्हेशन’ म्हणून जे काय विचारताय ते माझ्या माहितीत एवढंच आहे. नुसत्या प्लायकडं रोज बघून कुणाचाही जीव उबगेल, त्यात तुमच्या चिकाटीचा दोष नाही.

गड्ड्याला दाजी आले. बघितलं. चादर उचलून खालचा प्लाय बघितला, परत ठेवली.

“आन् लाईन?”

मी तयारच होतो. म्हटलं, दाजी, जीआयपी रेल्वे कंपनीनं 1853 ला गाडी सोडली ती बोरीबंदर ते ठाणे, मद्रासपर्यंत लाईन पडायची वाट बघितली नाही. पुण्याला 1858, सोलापूरला 1860. आणि बोरघाट कधी उघडला? 1863. म्हणजे सोलापुरात इंजिनाची शिट्टी वाजत होती तेव्हा मधे घाटात लाईनच नव्हती. तीन वर्षं लोक घाटाखाली उतरायचे, वर चढायचे आणि पुढची गाडी धरायचे. तुमच्या हिशोबानं हे चालायलाच नको होतं.

दाजी म्हणाले, “म्हणून तर मेणे करून घाट चढावा लागला लोकांना.”

याला मी काय बोलणार? पण मी सोडलं नाही. म्हटलं, बरं, बार्शी लाईट घ्या, तुमच्या घरची. ती बांधणाऱ्या इंजिनिअर एव्हरार्ड कॅल्थ्रॉपनं 1897 ला कुर्डुवाडी-बार्शी एवढाच तुकडा उघडला, तेव्हा कुर्डुवाडीला बार्शी रोडच म्हणत. त्यावर गाड्या चालल्या. पंढरपूर 1906, वारकऱ्यांची गर्दी मिळाली. लातूर 1911. मिरजेला पोचायला 1927 उजाडलं. तीस वर्षं! कॅल्थ्रॉप मिरज पुरी व्हायची वाट बघत बसला असता तर? यावर दाजी काही बोलले नाहीत. व्हर्निअर काढला, वाकले, आणि फलाटाजवळचा एक सांधा दाखवून म्हणाले, “हितं गॅप न्हाई. मे महिन्यात बघ काय होतंय.” विषय तिथं संपला असं त्यांना वाटतं, मला नाही. अजूनही कुणी पाहुणा लेआउट बघायला आला की ते म्हणतात, “अर्धाच आहे.” आणि मी म्हणतो, “चालू आहे.” बघा, हॅम्बुर्गचं मिनिएचर वुंडरलँड 2001 साली उघडलं ते मोजके भाग घेऊन, आणि अजून वाढतंच आहे. तिकीट काढून लोक बघतात. दाजींना हेही सांगितलंय. त्यांचं उत्तर, “ते जर्मन आहेत.”

तर तुम्ही काय करायचं? उरलेले रूळ टाकणं आजपासून बंद. ज्या कोपऱ्यात आत्ता सगळ्यात कमी काम राहिलंय तो सहा-सात फुटांचा तुकडा घ्या, खडी-झाडं-माणसांसकट संपवा, त्यावर गाडी पळवा आणि घरच्यांना बोलवा. घरचे ‘आधी पूर्ण कर’ म्हणतात ते त्यांनी चाललेलं काही बघितलंच नाही म्हणून. नवीन इंजिनं-डबे विकत घेणं बंद करा, हे स्पष्ट सांगतो. कंटाळा आला की माणूस इंजिन मागवतो, ते खोक्यात पडतं, आणि पैसे गेले म्हणून आणखी कंटाळा येतो. प्लॅन मोठा वाटत असेल तर छोटा करा, त्यात कमीपणा काही नाही. आणि सोलापूरसारख्या गावात असाल तर एप्रिल-मेमध्ये गच्चीवर सोल्डरिंगला बसू नका, बेचाळीस अंशांत कुणाचा उत्साह टिकत नाही. त्या दिवसांत खाली घरात बसून घरं, डबे, झाडं करा.

आता दाजींच्या बाजूनंही थोडं सांगायला हवं, नाहीतर अक्का बोलेल. सांध्याचं त्यांचं म्हणणं सोळा आणे खरं आहे. पाच मीटर रुळाला वीस अंशांचा फरक पडला की दीडेक मिमी वाढतो, आणि कोरड्या हवेत लाकूड आकसतं ते वेगळं. सांध्यांना गॅप ठेवा. दुसरं, बोगद्यातलं किंवा डोंगराखालचं जे काही झाकलं जाणार आहे ते मात्र दाजी-पद्धतीनंच करा. पूर्ण टाका, पूर्ण तपासा, सगळ्यात लांब डबा उलटा-सुलटा ढकलून बघा आणि मगच झाका. नंतर डोंगर फोडावा लागतो. चढ शंभराला दोनच्या वर नेऊ नका. आणि माझं चार फुटांचं धोरण नॅरोगेजच्या छोट्या गाडीला जमलं, तुमच्या एचओच्या लांब डब्यांना सहा-सात फूट तरी लागतील.

वायरिंगचं राहिलं. प्रत्येक तीन फुटी फ्लेक्सला (वाकवता येणाऱ्या रुळाला) फीडरची, म्हणजे वीज देणाऱ्या वायरींची एक जोडी, दोन रंगांच्या वायरी, रंग शेवटपर्यंत बदलायचे नाहीत. पुढं डीसीसी करायचं असेल तर हेच फीडर खालून जाणाऱ्या मुख्य वायरींना जोडले जातात, फुकट काही जात नाही. फक्त डीसी आणि डीसीसी एकाच रुळावर एकाच वेळी कधीच देऊ नका, इंजिनातला डीकोडर (डीसीसीचं सर्किट) जातो. तुम्ही चिकटवलेल्या प्लॅनमध्ये उजवीकडं गाडी वळसा घेऊन त्याच लाईनवर परत येते. तिथं एका टोकाचा रूळ दुसऱ्या टोकाच्या विरुद्ध ध्रुवाला येऊन भिडतो, त्यामुळं शॉर्ट होणारच, आणि मला वाटतं तुमचं वायरिंग तिथंच अडकलंय. त्या वळशाच्या दोन्ही टोकांना दोन्ही रूळ कापून प्लास्टिकचे इन्सुलेटेड जॉइनर घाला आणि मधल्या तुकड्याला वेगळा डीपीडीटी, म्हणजे ध्रुव उलटवणारा स्विच द्या. वळशाचा तुकडा तुमच्या सगळ्यात लांब गाडीपेक्षा मोठा असायला हवा. नसेल तर तो वळसा आत्ता टाकूच नका, तिथं बफर, म्हणजे लाईन संपवणारा अडथळा ठोका आणि गाडी मागं-पुढं चालू द्या.