राखीव, सोपीव आणि जाब

एका वाचकाचा प्रश्न आहे. स्कॉटलंडच्या संसदेवरची एक इंग्रजी बातमी त्यांनी यंत्राकडून मराठीत करून घेतली, तर मथळा आला: ‘विरोधी आमदाराकडून विकेंद्रित सरकारची चौकशी’. ते लिहितात, ‘हे वाचून आमदार फौजदार झाला की काय असं वाटलं. डिव्हॉल्व्ड गव्हर्नमेंटला मराठीत नेमकं काय म्हणावं? प्रादेशिक, स्वायत्त, हस्तांतरित यांपैकी काही चालेल का? आणि आमदार करतो ते प्रश्न विचारणं की जाब विचारणं?’ (डिव्हॉल्व्ड म्हणजे लंडनच्या संसदेने काही विषयांचा कारभार ज्याच्याकडे दिला आहे असं.)

फौजदाराचं आधी बघू, कारण ते सोपं आहे. ‘गाडी कितीला आहे, जरा चौकशी करून ये’ यातली चौकशी निरुपद्रवी. पण चौकशी ‘कुणाची तरी’ झाली, की तिच्यामागून फाईल, समिती आणि निलंबन चालत येतं. विधिमंडळात विरोधक चौकशीची मागणी करतो. चौकशी करते ती सरकारी यंत्रणा किंवा नेमलेली समिती. इंग्रजीत प्रश्न विचारणं आणि चौकशी करणं एकाच क्रियापदात मावतं, मराठीत मावत नाही.

मग विरोधक करतो काय? आपल्याकडे त्याचं उत्तर छापील आहे. महाराष्ट्र विधानसभेची तारांकित प्रश्नांची यादी एकदा तरी उघडून बघा. प्रत्येक प्रश्न एकाच साच्यातून निघतो: अमुक मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय, (१) तमुक रस्त्याचं काम रखडलं आहे, हे खरे आहे काय, (२) असल्यास, चौकशी केली आहे काय, (३) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? समोर उत्तर: (१) होय, हे खरे आहे. किंवा (माझं आवडतं) ‘हे अंशतः खरे आहे’. आणि शेवटी तो अजरामर ‘प्रश्न उद्भवत नाही’. म्हणजे सभागृहाची स्वतःची भाषा ‘खुलासा’ची आहे. सौम्य, आदबशीर, थोडी कागदी.

जाब ही त्यापुढची पायरी. हा अरबी ‘जवाब’चाच मराठीत झिजलेला अवतार. ‘जबाब’ त्याचा भाऊ, पण भावाभावांनी धंदे वाटून घेतले: जबाब पोलीस घेतात, जाब विरोधक विचारतो. आता गंमत बघा. जाब म्हणजे मुळात उत्तर, आणि आपण ते ‘विचारतो’. प्रश्न सगळ्यांना ठाऊकच आहे, उत्तर काढ, असा त्यातला आवेश. जुन्या कागदांत ‘जाबसाल’ भेटतो तेव्हा जाबाबरोबर सवालही असे; पुढे सवाल गळला. म्हणून ज्याच्यावर जबाबदारी आहे आणि ती त्याने नीट पार पाडलेली नाही असं विचारणारा धरून चालतो, तिथेच ‘जाब’ शोभतो. नुसती माहिती मागणाऱ्याने जाब विचारला असं लिहिणं हे उगाच तिखट टाकणं झालं. ‘धारेवर धरलं’, ‘फैलावर घेतलं’ तर वर्तमानपत्रांनी इतके वापरलेत, की आमदाराने पाणी मागितलं तरी त्याने शिपायाला धारेवर धरलं असं छापून येईल.

आता अवघड भाग. ‘विकेंद्रित सरकार’ म्हटलं, की सरकारच तुकड्यातुकड्यांत विखुरलंय असं चित्र उभं राहतं. शिवाय विकेंद्रीकरण आपण जिल्हा परिषदेपासून साखर कारखान्यांपर्यंत कशालाही लावतो. गंमत म्हणजे वेल्सच्या वेल्श भाषेने नेमका हाच मार्ग घेतला: त्यांचा ‘दातगानोली’ हा शब्द ‘कानोल’ म्हणजे मध्य, केंद्र, यावरूनच घडला आहे, अगदी आपल्या विकेंद्रीकरणासारखा. तिथे तो रुळला, कारण तो त्या एकाच अर्थासाठी राखून ठेवला गेला. आपल्याकडे त्या शब्दाच्या अंगावर आधीच बरीच ओझी आहेत.

‘हस्तांतरित’मध्ये मालकी गेल्याचा वास येतो, सातबाऱ्यावर नाव बदलल्यासारखा. ‘स्वायत्त’ परिणाम सांगतो, पण अधिकार आले कुठून ते सांगत नाही. ‘प्रादेशिक’ तर पक्षांना आणि हवामान केंद्रांना चिकटलेला. ‘प्रदत्त’ वाईट नाही, पण प्रदत्त विधिविधान म्हटल्यावर कायदेवाल्यांच्या डोक्यात मंत्रालयाने केलेले नियम येतात. ती वेगळी गोष्ट.

मराठीत या कामाचा शब्द शंभर वर्षांपासून पडून आहे: सोपीव. शाळेत इतिहासात द्विदल राज्यपद्धती पाठ केलेल्यांना आठवेल. १९१९चा माँटेग्यू-चेम्सफर्ड कायदा, प्रांतांच्या कारभाराचे दोन भाग, ‘राखीव खाती’ आणि ‘सोपीव खाती’. पोलीस, महसूल, अर्थ ही खाती गव्हर्नर आणि त्याच्या कार्यकारी मंडळाने राखली. शिक्षण, आरोग्य, स्थानिक स्वराज्य ही कौन्सिलला, म्हणजे प्रांताच्या कायदेमंडळाला, जबाबदार असलेल्या मंत्र्यांकडे सोपवली. आणि विषयांची ही वाटणी ज्या नियमांनी केली, त्यांचं १९२०मधलं इंग्रजी नाव होतं ‘डिव्होल्यूशन रूल्स’! म्हणजे या इंग्रजी शब्दाची आणि सोपीवची गाठ तेव्हाच पडलेली आहे, आपल्याला नवा शब्द पाडायची गरजच नाही.

शब्दाची घडणही बघण्यासारखी. कोरणे-कोरीव, आखणे-आखीव, पाळणे-पाळीव, राखणे-राखीव, तसं सोपणे-सोपीव. हा ‘ईव’ लागला, की ती गोष्ट आपोआप तशी झालेली नाही, कुणीतरी हाताने केली आहे, हे कळतं. कोरीव लेण्यामागे छिन्नी असते, तसा सोपीव अधिकारामागे सोपवणारा असतो. आणि सोपवणारा परत मागू शकतो. ‘सोपवलेली सत्ता ही राखलेलीच सत्ता’ अशा अर्थाचं ब्रिटिश राजकारणी इनॉक पॉवेल यांचं वाक्य प्रसिद्ध आहे, आणि ते पोकळ नव्हतं: उत्तर आयर्लंडची १९२१पासून चाललेली संसद लंडनने १९७२मध्ये स्थगित केली आणि पुढच्याच वर्षी रद्द केली. स्कॉटलंडला ही धास्ती नको म्हणून २०१६च्या कायद्यात त्यांची संसद आणि सरकार कायमस्वरूपी असल्याचं लिहून घेतलं. जनतेने सार्वमतात कौल दिल्याशिवाय ती रद्द होणार नाहीत. तरी सोपीव ते सोपीवच.

स्कॉटलंडला राखीव-सोपीव ही जोडी किती चपखल बसते बघा. १९९७च्या सप्टेंबरात सार्वमत, १९९८चा कायदा, १९९९च्या मेमध्ये १२९ सदस्यांची निवड, १ जुलैला अधिकार हातात. त्या कायद्याने यादी केली ती फक्त राखीव विषयांची: संरक्षण, परराष्ट्र व्यवहार, स्थलांतर वगैरे. यादीत जे नाही ते सोपीव. (आपल्याकडे शेषाधिकार केंद्राकडे, म्हणजे नेमकं उलट. आणि आपली राज्यं संविधानाने निर्माण झालेल्या व्यवस्थेचा भाग आहेत, लोकसभेने सोपवलेल्या अधिकारांवर जगत नाहीत. म्हणून महाराष्ट्र सरकारला कुणी डिव्हॉल्व्ड म्हटलं तर हरकतीचा मुद्दा उपस्थित करावा.)

फक्त एक सांभाळायचं. सोपवले जातात ते विषय आणि अधिकार. सरकार सोपवलं जात नाही. ‘सोपीव सरकार’ मला खटकतं. पहिल्या उल्लेखात ‘सोपीव अधिकारांवर चालणारं स्कॉटलंडचं सरकार’ लिहावं, पुढे नुसतं ‘स्कॉटलंडचं सरकार’. तेही नाव त्यांना सुखासुखी मिळालेलं नाही. सुरुवातीला त्याचं अधिकृत नाव ‘कार्यकारी मंडळ’ या वळणाचं होतं. २००७मध्ये सत्तेवर आलेल्या स्कॉटिश नॅशनल पार्टीने पाटी बदलून ‘सरकार’ केली, आणि कायद्याने ते २०१२मध्ये मान्य केलं. एका शब्दासाठी पाच वर्षं. शब्दचर्चा म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग, असं म्हणणाऱ्यांना हे सांगत चला.

आता खुलासा, जाब आणि सोपीव हे एकत्र लावून बघू. स्कॉटलंडच्या बेटांसाठी दोन नव्या जहाजांचं काम २०१५मध्ये पोर्ट ग्लासगोच्या गोदीला मिळालं, किंमत ९ कोटी ७० लाख पौंड. २०१७च्या नोव्हेंबरात पहिलं जहाज तत्कालीन फर्स्ट मिनिस्टर (स्कॉटलंडच्या सरकारच्या प्रमुख) निकोला स्टर्जन यांच्या हस्ते समारंभाने पाण्यात उतरलं, तेव्हा त्याच्या पुढच्या भागातल्या खिडक्या चक्क रंगवलेल्या होत्या. काचा नव्हत्याच! २०१९मध्ये गोदी सरकारने ताब्यात घेतली, खर्च कित्येक पट वाढला, आणि ते जहाज प्रवासी घेऊन निघालं २०२५च्या जानेवारीत. बेटांची जलवाहतूक हा सोपीव विषय, तेव्हा दर गुरुवारी दुपारी भरणाऱ्या प्रश्नांच्या तासात एडिंबरोच्या होलीरूडमध्ये, म्हणजे स्कॉटलंडच्या संसदेत, विरोधक यावर तुटून पडले, तर ‘जाब विचारला’ हेच शब्द हवेत. तोच सदस्य स्थलांतराच्या धोरणावर बोलला, तर मंत्री सरळ सांगू शकतात की तो विषय राखीव आहे, लंडनला विचारा. आपल्या भाषेत: प्रश्न उद्भवत नाही.

न विचारलेलं थोडं. ‘फर्स्ट मिनिस्टर’ला मी मुख्यमंत्री लिहीन, ‘प्रथम मंत्री’ नको. तो शपथविधीच्या रांगेत पहिला उभा असल्यासारखा वाटतो. वेल्शमध्ये तर ‘प्रिव्ह वाइनिडॉग’ हा एकच शब्द कार्डिफच्या, म्हणजे वेल्सच्या सरकारच्याही, प्रमुखाला आणि लंडनच्या पंतप्रधानालाही. उत्तर आयर्लंडच्या ‘डेप्युटी फर्स्ट मिनिस्टर’ला मात्र उपमुख्यमंत्री म्हणताना जपून, कारण तिथे दोघांचे अधिकार समान असतात आणि एकाने राजीनामा दिला की दुसऱ्याचंही पद जातं. आपल्याकडच्या उपमुख्यमंत्र्यांना हे वाचून काय वाटेल ते सोडा.

तर वाचकमित्रा, तुझा मथळा मी असा करीन: ‘फेरीबोटींच्या दिरंगाईवरून स्कॉटलंडच्या सरकारला विरोधकांचा जाब’. यात ‘फेरीबोट’ पूर्ण लिही. यंत्र ‘फेरी’ म्हणेल आणि तिचं अनेकवचन करून ‘दोन फेऱ्यांना सहा वर्षं उशीर’ असं ठोकून देईल, आणि दाभोळ-धोपाव्याच्या धक्क्यावर बसून ते वाचणारा म्हणेल, दोनच ना, तिसरी पकडू.