वाचकांचे प्रश्न : धावत जा, पाणी घाला, धावत या

आम्ही अंबाजोगाईत पंधराजण दर रविवारी पहाटे धावतो. गेल्या पावसाळ्यात रस्त्याकडेला कडुनिंब, करंज आणि चिंचेची ६० रोपं लावली. आता प्रत्येकजण दोन लिटरची बाटली हातात घेऊन तिथवर तीन किलोमीटर धावतो आणि पाणी घालतो. तिघांच्या खांद्यात-कंबरेत भरून आलं आणि रोपंही माना टाकताहेत.

खोट बाटलीत आहे. दोन लिटर म्हणजे एका हाताला दोन किलोचं लोंबतं ओझं. पावलागणिक ते झोके घेतं, धड एका अंगाला कलतं आणि कंबर बोलायला लागते. रोपाच्या बाजूने पाहिलं तर तेवढ्या पाण्याने वरची चार बोटं माती भिजते आणि दुपारच्या आत वाळते. मुळं मग ओलीच्या मागे वर येतात आणि उन्हात भाजतात.

माणसांनी धावत जावं, पाणी गाडीने यावं. उन्हाळ्यात लहान रोपाला आठवड्यातून एकदा, पण सावकाश, दहा लिटर द्या. ६० रोपांना ६०० लिटर, म्हणजे दोनशे लिटरचे तीन ड्रम. शेजारच्या शेतकऱ्याशी बोलून शनिवारी संध्याकाळी ते बोअरवर भरून जागेवर ठेवा. पूर्वी फवारणीचं औषध असलेला ड्रम फुकट मिळाला तरी घेऊ नका. पाणी संपलं की ड्रम पालथे घाला. तळाशी राहिलेल्या पाण्यात आठवडाभरात डास तयार होतात. पंधराजणांत चार-चार रोपं वाटली की प्रत्येकाच्या वाट्याला दहा लिटरच्या चारच बादल्या येतात. पाऊण तासात काम उरकतं.

काळ्या रानात खरी गंमत पुढे आहे. एप्रिलमध्ये जमिनीला मनगट जाईल एवढ्या भेगा पडतात. आळ्यात ओतलेली बादली क्षणात दिसेनाशी होते आणि आपल्याला वाटतं रोप प्यालं. ते पाणी भेगेतून भलतीकडेच जातं. म्हणून आधी खुरप्याने आळं हलवून भुसभुशीत मातीने भेगा बुजवा, अर्धी बादली घाला, पुढच्या रोपाकडे जा आणि परत येऊन उरलेली घाला. आळं दोन-अडीच फूट रुंद, कडेला वीतभर बांध आणि बुडाशी माती जरा उंच, म्हणजे खोड पाण्यात उभं राहत नाही. वर उसाचं पाचट किंवा पालापाचोळा तीन-चार इंच पसरा, पण खोडापासून चार बोटं लांब. चिकटून घातलात तर वाळवी थेट सालीवर चढते.

ज्या रोपांपाशी दर आठवड्याला जाणं जमत नाही, तिथे पाच-सहा लिटरचं मातीचं मडकं फूटभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरा, भरा आणि वर चपटा दगड ठेवा. ते आपणहून पाझरतं. रंग दिलेलं मडकं मात्र पाझरत नाही, आणि बोअरच्या क्षारांनी छिद्रं बुजतात म्हणून वर्षातून एकदा काढून घासावं लागतं.

एक आगाऊ सल्ला : येत्या जुलैत आणखी शंभर रोपं लावू नका. पंधराजणांना ६० जगवता आली तरी भरपूर झालं.

जालन्यात पोलीस भरतीची तयारी करते. रविवारी गटाबरोबर श्रमदान केलं की सोमवारी पाय उचलत नाहीत. श्रमदान सोडू का?

सोडू नका, वार बदला. तुमच्या मैदानी चाचणीत ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक आहे (मुलांना ८०० ऐवजी १६००). यांची जोरदार तयारी मंगळवारी आणि शुक्रवारी ठेवा. रविवारी धावणं इतकं हळू असू द्या की शेजारणीशी गप्पा मारता येतील. सोमवारी फक्त चाला. फावडं मारणं म्हणजे कंबर आणि मांडीच्या मागच्या स्नायूंचा व्यायामच, त्यामुळे तो दिवस ‘आरामाचा’ म्हणून मोजू नका. दर दहा मिनिटांनी फावड्याचे हात बदला, वाकताना गुडघ्यातून वाका. काम संपल्यावर अंग थंड पडलेलं असतं. लगेच पळायला लागलात की पिंढरी धरते, म्हणून आधी पाच-सात मिनिटं चाला. चाचणीला दोन आठवडे उरले की खोदकाम बंद, फक्त बादल्या.

कचरा वेचत धावण्याचा उपक्रम संभाजीनगरात सुरू करायचा आहे. काय लागेल?

हा प्रकार २०१६ च्या सुमारास स्वीडनमध्ये सुरू झाला, तिथे त्याला प्लॉगिंग म्हणतात. एकाच्या हातात जाड रबरी हातमोजे, दुसऱ्याच्या हातात पोतं. अंतर दोन किलोमीटर पुरे, कारण दर वीस पावलांवर बसावं-उठावं लागतं. सुया, फुटकी काच आणि डायपर उचलू नका. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते तपासा. आणि सगळ्यात आधी घंटागाडीवाल्याशी वेळ ठरवा. नाहीतर पोती चौकात राहतात आणि दुपारपर्यंत कुत्री ती फाडतात. पेटवून तर मुळीच देऊ नका.

नांदेडला उन्हाळ्यात किती वाजता निघावं?

मेअखेरीस सूर्य पावणेसहाच्या आसपास उगवतो. सव्वापाचला निघा, साडेसातला घरी. एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून बरोबर ठेवा. कोणी असंबद्ध बोलू लागला तर घाम येत असला तरी उष्माघात समजा. सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. हिवाळ्यात धोका वेगळा असतो : उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, बऱ्याचदा मागे दिवा नसलेले. समोरून येणारी वाहनं दिसतील अशा उजव्या कडेने एका रांगेत धावा. चमकत्या पट्ट्या बांधा, आणि सगळ्यात हळू माणसाच्याही मागे एक जाणता ठेवा.

धारूर तालुक्यातल्या आमच्या गावात दिवाळीनंतर घरंच्या घरं ऊसतोडीला जातात. मागे म्हातारी माणसं राहतात. धावणाऱ्या मुलांनी त्यांच्यासाठी काय करावं?

आशाताई किंवा सरपंचांकडून घरं विचारून घ्या. प्रत्येक घराला दोघं नेमा आणि ती जोडी बदलू नका. एकट्या आजीकडे जाणाऱ्यांत एक मुलगी असावी. वार पक्का ठेवा. आजी वाट पाहत बसते, आणि एक खाडा झाला की पुढच्या वेळी काम सांगतच नाही.

कामं साधी आहेत : रांजण भरणं, सरपण फोडणं, आरोग्य केंद्रातून गोळ्या आणणं, निराधार योजनेसाठी हयातीचा दाखला देण्याच्या वेळी सोबत जाणं. गोळ्या आणताना रिकामं पाकीट बरोबर न्या, ‘ती पांढरी गोळी’ एवढ्यावर जाऊ नका. कुठल्याही कागदावर अंगठा घेऊ नका, एटीएमचा आकडा विचारू नका, पैसे हाताळावेच लागले तर दोघांसमोर मोजा आणि वहीत लिहा.

दहाजणांनी घामेजल्या अंगाने एका ओसरीवर जमू नये. चहाचा आग्रह होणारच, आणि दहाजणांचा चहा म्हणजे त्या घरची आठवड्याची साखर. दोघांनीच आत जावं, बाकीच्यांनी पुढच्या घरी. आणि दळण आणायला धावत जा, पण येताना चाला. गरम पिठाची पिशवी खांद्यावर घेऊन पळालात की गाठ सुटते आणि पाठ पांढरी होते.