वंशावरून औषधाचा डोस ठरतो का?

प्रश्न : माझे थोरले बंधू साओ पावलो येथे स्थायिक आहेत. वहिनी मूळच्या ब्राझीलच्या असून त्यांच्या घराण्यात पोर्तुगीज, आफ्रिकी आणि तेथील आदिवासी असे तिन्ही वंश आहेत. हृदयात धातूची कृत्रिम झडप बसवल्यावर त्यांना वॉर्फरिन हे रक्ताच्या गुठळ्या होऊ न देणारे औषध सुरू झाले. आफ्रिकी वंशाच्या लोकांना हे औषध जास्त लागते, असे वाचले. मग वहिनींचा डोस मधला धरायचा का? – एक वाचक, सांगली

उत्तर : नाही. इथे ‘मधला’ हा शब्दच फसवा आहे.

रक्त गोठण्यासाठी लागणारे जीवनसत्त्व ‘के’ पुन्हा वापरात आणणाऱ्या विकराला वॉर्फरिन अडवते. त्या विकराच्या जनुकाचे नाव व्हीकेओआरसी१. त्याच्या एका प्रकारात विकर कमी तयार होते, त्यामुळे थोडे औषधही पुरते. हा प्रकार पूर्व आशियात सुमारे ९० टक्के, युरोपात सुमारे ४० टक्के, तर आफ्रिकी वंशाच्या लोकांत १० टक्क्यांच्या आसपास आढळतो. आपण वाचलेली गोष्ट, सरासरीपुरती, यातूनच येते.

परंतु दुधात पाणी मिसळावे तसे वंश मिसळत नाहीत. पत्त्यांचे तीन कॅट एकत्र पिसले तरी प्रत्येक पान आपापल्या कॅटचेच राहते. वहिनींचा आफ्रिकी वाटा समजा ३० टक्के असला, तरी तो संपूर्ण जनुकसंचाचा हिशेब झाला. आईकडून एक आणि वडिलांकडून एक अशा या जनुकाच्या ज्या दोन प्रती त्यांना मिळाल्या, त्या दोन्ही पोर्तुगीज पूर्वजांकडून आलेल्या असू शकतात, किंवा दोन्ही आफ्रिकी पूर्वजांकडून. शिवाय प्रत पोर्तुगीज आहे एवढे कळले, तरी ती कोणत्या प्रकारची हे कळत नाहीच.

ब्राझीलच्या जनगणनेत ब्रांको (गोरा), पार्दो (सावळा, मिश्र), प्रेतो (काळा) असे त्वचेच्या रंगाचे रकाने असतात आणि आपला रकाना ज्याने त्याने सांगायचा असतो. रिओच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील गिल्येर्मे सुआरेझ-कुर्त्झ यांनी वर्षानुवर्षे हेच दाखवून दिले, की औषधांशी संबंधित जनुकांचे प्रमाण वंशाच्या वाट्यानुसार सलग बदलत जाते, रकान्यांच्या सीमा पाळत नाही. मला तर अशा रकान्यावरून डोस ठरवणे आडनावावरून रक्तगट सांगण्यासारखे वाटते.

जनुकचाचणी करून घेतली की प्रश्न मिटला, असेही नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील ‘कोॲग’ या रुग्णांवरील अभ्यासात जनुकांवर आधारलेल्या सूत्राने डोस दिलेल्या कृष्णवर्णीय रुग्णांचे रक्त गोठण्याचे प्रमाण एकूण काळापैकी ३५.२ टक्के काळ योग्य मर्यादेत राहिले. वय, वजन वगैरे पाहून डोस दिलेल्यांत तो ४३.५ टक्के होता. सूत्रात सीवायपी२सी९ या, वॉर्फरिनचा शरीरातून निचरा करणाऱ्या विकराच्या जनुकाचे युरोपात आढळणारे दोन प्रकार होते. आफ्रिकी वंशात आढळणारे ५, ६, ८ आणि ११ क्रमांकाचे प्रकार मात्र नव्हते. ब्राझीलमध्ये चाचणी करायची, तर त्यात हे प्रकारही तपासले जातात का, हे आधी विचारावे.

तोवर वहिनींचा खरा आधार आयएनआर तपासणीचाच, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो हे पाहणाऱ्या रक्ततपासणीचा. सुरुवातीला ती वरचेवर करावी लागते. जीवनसत्त्व ‘के’ असलेल्या पालेभाज्यांचे प्रमाण एकाएकी कमीजास्त करू नये, आणि दुसरे कोणतेही औषध, अगदी वेदनाशामक गोळीसुद्धा, तेथील डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.