बर्लिनमध्ये शिकायला असताना तुम्ही पुन्हा पुन्हा कुठे जायचात?

तुम्ही लिहिलंय की ऑक्टोबरात मास्टर्ससाठी बर्लिनला चाललाय, शिष्यवृत्तीत महिना जेमतेम निघेल आणि ‘पाहण्यासारखी दहा ठिकाणं’ छापाच्या याद्या वाचून कंटाळलाय. मी 2016 ते 2018 अशी दोन वर्षं तिथे होते. ब्रांडेनबुर्ग गेट, संसदेचा काचेचा घुमट (फुकट आहे, पण नाव आधी नोंदवावं लागतं), म्युझियमांचं बेट हे सगळं तुम्ही पहिल्या पंधरवड्यात पाहालच. मी सांगते त्या जागांवर मी पंचवीस-तीस वेळा तरी गेले असेन, आणि बहुतेक ठिकाणी खिशाला हात लावावा लागला नाही.

सगळ्यांत आधी टेम्पेलहोफर फेल्ड. हा जुना विमानतळ. 2008 मध्ये विमानं बंद झाली, 2010 मध्ये लोकांसाठी दारं उघडली. कारंजी, फुलांचे वाफे असलं काही तिथे केलं नाही. धावपट्ट्या होत्या तशा ठेवल्या. तीनशे हेक्टरांहून मोठं मोकळं रान, तेही भर शहरात. मी तासगावची. आमच्याकडे गावाबाहेर पडलं की द्राक्षबागांच्या मांडवांवरून लांबवर नजर जाते. बर्लिनमध्ये महिनाभर पाच-पाच मजली इमारतींच्या मधून चालल्यावर आपल्याला नेमकं काय होतंय ते मला कळत नव्हतं. नोव्हेंबरातल्या एका रविवारी त्या धावपट्टीवर उभी राहिले, चहूकडे आभाळ जमिनीला टेकलेलं दिसलं, आणि पहिल्यांदा मोकळा श्वास घेतल्यासारखं वाटलं. त्यानंतर दर रविवारी गेले. कुणी पतंग उडवतं, कुणी चाकांच्या फळीला शिड बांधून वाऱ्यावर पळतं, तुर्की कुटुंबं कोळशाच्या शेगड्या मांडून बसतात. एका बाजूला लोकांनी लाकडी खोक्यांत माती भरून भाजीचे वाफे केलेत. एप्रिलपासून गवताचा मोठा पट्टा दोरी लावून बंद करतात, कारण तिथे चंडोल जमिनीवर घरटी करतात. ते वर वर चढत गातात ते ऐकायला मे महिन्यात सकाळी लवकर जा.

त्या मैदानाशी माझं आणखी एक नातं जुळलं. 1948 च्या जूनमध्ये सोव्हिएत फौजांनी पश्चिम बर्लिनचे रस्ते, रेल्वे, कालवे बंद केले. जवळजवळ अकरा महिने कोळसा, पीठ, दुधाची भुकटी, सगळं विमानांनी आणलं. सुमारे 2 लाख 77 हजार उड्डाणं झाली, आणि त्यातली पुष्कळ विमानं इथे उतरली. कुंपणाशी पोरं उभी असायची. गेल हॅल्व्हर्सन नावाच्या अमेरिकन वैमानिकाने हातरुमालांच्या छत्र्या करून त्यांच्यासाठी चॉकलेटं टाकायला सुरुवात केली. या विमानांना बर्लिनकर म्हणायला लागले ‘रोझिनेनबॉम्बर’. रोझिने म्हणजे बेदाणा. आमच्या घरी तीन पिढ्या बेदाण्याचं शेड आहे. मी फोनवर बाबांना सांगितलं की ज्या विमानांनी हे शहर जगवलं त्यांना लोक बेदाण्यांची विमानं म्हणतात. ते क्षणभर गप्प राहिले आणि मग म्हणाले, “हिरवा की पिवळा, विचार.” विचारायला कुणी नव्हतं, पण त्या दिवसापासून ते मैदान मला परकं राहिलं नाही.

2014 मध्ये या मैदानाच्या कडेने घरं बांधायची सरकारची योजना होती. लोकांनी सार्वमत घेतलं, आणि सुमारे 64 टक्के लोकांनी मैदान आहे तसंच राहू द्या असं सांगितलं. खोली शोधायला लागलात की बर्लिनमध्ये घरांची टंचाई किती आहे ते तुम्हाला कळेलच. मला स्वतःला खोली मिळायला अडीच महिने लागले होते, तरी मी त्या 64 टक्क्यांच्या बाजूची आहे. विद्यार्थ्याच्या खोलीत एक खिडकी असते. बाकीचं आभाळ अशा जागी मिळतं.

पण तिथल्या विमानतळाच्या सव्वा किलोमीटर लांब, कमानीसारख्या वळलेल्या इमारतीकडे पाठ करून बसू नका. ती नाझी काळात बांधलेली आहे. तिच्या शेजारीच 1936 पर्यंत कोलंबिया-हाउस नावाची छळछावणी होती. बर्लिनमध्ये हे सतत होतं. जागा आवडायला लागते, आणि मग तिथली पाटी वाचावी लागते.

यावरून मी त्या जागेकडे येते जिच्यासाठी खरं तर हे उत्तर लिहायला घेतलं. पर्यटकांच्या कुठल्याच यादीत ती नाही. दक्षिण-पश्चिमेला डाहलेम नावाचा शांत, झाडांचा भाग आहे. यू-3 या मेट्रोने डाहलेम-डॉर्फला उतरलात तर गवताने शाकारलेलं स्टेशन दिसेल, बाजूला शेत आणि गाई. पुढच्याच स्टेशनाजवळ, ईनेश्ट्रासे 22 हा पत्ता. आता तिथे विद्यापीठाचा राज्यशास्त्राचा विभाग आहे. माझा एक वर्ग तिथून दोन मिनिटांवर भरायचा, आणि दाराशेजारची पाटी मी कितीतरी दिवस न वाचता ओलांडली होती. मग एकदा मावशीने फोनवर सहज विचारलं, “इरावतीबाई तुझ्या त्या बर्लिनलाच शिकल्या ना गं?”

शिकल्या होत्या, आणि याच इमारतीत. 1927 मध्ये इथे मानववंशशास्त्र, आनुवंशिकता आणि सुप्रजननशास्त्राची (म्हणजे माणसांची ‘चांगली’ पैदास ठरवू पाहणाऱ्या शास्त्राची) कैसर विल्हेल्म संस्था सुरू झाली, आणि 1928 मध्ये बाविशी-तेविशीतल्या इरावती कर्वे, पुढे मानववंशशास्त्रज्ञ आणि ‘युगान्त’च्या लेखिका म्हणून नावाजलेल्या, पुण्याहून इथे आल्या. स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचलेल्या त्यांच्या सासऱ्यांचा, महर्षी कर्व्यांचा, या जाण्याला पाठिंबा नव्हता. यजमान दिनकररावांचा होता. संस्थेचे प्रमुख ऑयगेन फिशर त्यांचे मार्गदर्शक. त्यांनी विषय दिला कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतल्या असमानतेचा. गोऱ्या युरोपीय लोकांच्या कवटीत ही असमानता जास्त असते आणि तिचा संबंध बुद्धीशी आहे, असा त्यांचा कयास होता. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या, तपासल्या, आणि वंशावरून तसा फरक दिसत नाही असं प्रबंधात लिहिलं.

आपल्या मार्गदर्शकाला हवं असलेलं उत्तर आकड्यांतून येत नाही हे कळल्यावर परक्या देशात, परक्या भाषेत तसं लिहून देणं म्हणजे काय, हे प्रबंध लिहायला बसल्याशिवाय समजत नाही. तुम्हाला दुसऱ्या वर्षी समजेल. मला समजलं तेव्हा फेब्रुवारी होता. माझे निष्कर्ष माझ्या मार्गदर्शिकेच्या अंदाजापेक्षा वेगळे येत होते, आणि मी चार दिवस ते फिरवून फिरवून लिहीत होते. एका संध्याकाळी मी त्या इमारतीसमोर जाऊन उभी राहिले, परत आले, आणि आलं होतं तसं लिहिलं.

पाटीवर पुढचंही लिहिलेलं आहे. हीच संस्था नाझींच्या वंशधोरणाला शास्त्राचा आधार पुरवत राहिली. आउश्विट्झच्या छावणीतून, तिथला नाझी डॉक्टर योझेफ मेंगेले याने मारलेल्या माणसांचे अवयव इथे तपासणीला आले. 2024 पासून इमारतीत आणि आवारात हा सगळा इतिहास सांगणारं प्रदर्शन आहे. माझ्या वेळी फक्त पाटी होती. तुम्ही जाल तेव्हा अर्धा दिवस हातात ठेवा, आणि त्यानंतर लगेच कुणाला भेटायचं ठरवू नका.

याच भागातलं दुसरं ठिकाण म्हणजे ग्रुनेवाल्ड स्टेशनचा फलाट क्रमांक 17. एस-7 या लोकल गाडीने लोक सायकली घेऊन जंगलात फिरायला इथे उतरतात. मीही तशीच उतरले होते, मैत्रिणींबरोबर, डब्यात पोळीभाजी घेऊन. ज्यू लोकांना भरून पूर्वेकडच्या छावण्यांना नेणाऱ्या गाड्या 1941 च्या ऑक्टोबरपासून इथून सुटल्या. आता रुळांच्या दोन्ही कडांना 186 पोलादी पट्ट्या बसवल्यात. प्रत्येकीच्या कडेला तारीख, माणसांची संख्या, कुठून-कुठे. एवढंच. कधी हजार, कधी शंभर, कधी पंचवीस-तीस. रुळांमध्ये झाडं उगवलेली आहेत आणि ती मुद्दाम काढलेली नाहीत. आम्ही डबा न उघडता परतलो. नंतर मी तिथे एकटीच जायचे, जंगलात जाण्याआधी.

शहराचे दोन तुकडे करणारी बर्लिनची भिंत बघायला बेर्नाउअर श्ट्रासेला जा. चेकपॉइंट चार्ली या भिंतीवरच्या जुन्या तपासणी नाक्याला जाऊ नका, तिथे आता नुसती दुकानं आणि फोटो काढणारी गर्दी आहे. बेर्नाउअर श्ट्रासेला भिंत, मधला मोकळा पट्टा आणि टेहळणी मनोरा तसेच ठेवलेत. त्या पट्ट्यात अडकलेलं एक चर्च पूर्व जर्मनीच्या सरकारने 1985 मध्ये सुरुंग लावून पाडलं. भिंत पडल्यावर त्याच जागी माती ठोकून ठोकून एक लहान प्रार्थनामंदिर बांधलं, आणि बाजूला राय नावाचं धान्य पेरतात. जुलैत ते कापणीला येतं. पहारेकरी जिथे गस्त घालायचे तिथे उभं पीक बघताना शेतकऱ्याच्या घरच्या माणसाला काय वाटतं ते तुम्हाला मुद्दाम सांगायला नको.

आता पोटाचं. मंगळवारी आणि शुक्रवारी मायबाखउफरला, कालव्याच्या काठी, तुर्की बाजार भरतो. सुपरमार्केटमध्ये कोथिंबीर कुंडीत चार काड्या लावून विकतात. इथे जुडी मिळते, आपल्यासारखी. छोटी वांगी, भेंडी, पुदिना, डाळिंबं. संध्याकाळी बाजार उठायच्या वेळी गेलात तर विक्रेते ओरडून ओरडून युरोला अख्खी पाटी देतात. आम्ही चौघी मिळून ती घ्यायचो आणि वाटून टाकायचो. पहिल्या हिवाळ्यात मला घरची सर्वांत जास्त आठवण तिथे आली, आणि ती कमीही तिथेच झाली, कारण भाव करताना भाषेची भीती गेली. वर्गात जे जर्मन सुचायचं नाही ते भेंडी निवडताना सुचायचं.

हिवाळ्याचा विषय निघालाच आहे तर स्पष्ट सांगते. डिसेंबरात चार वाजता अंधार पडतो. कितीही पुस्तकं खोलीवर आणलीत तरी तेव्हा खोलीत बसून राहू नका. पोट्सडामर श्ट्रासेवरचं सरकारी ग्रंथालय, ज्याला सगळे ‘श्टाबी’ म्हणतात, ते माझं दुसरं घर होतं. हान्स शारून या वास्तुकाराने आखलेलं, 1978 मध्ये उघडलेलं. आत भिंती जवळजवळ नाहीतच. टप्प्याटप्प्याने वर चढत जाणारा एकच प्रचंड वाचनकक्ष, गोल दिवे, आणि शेकडो माणसं गप्प वाचतायत. एकटेपणाची तीव्रता तिथे कमी होते, एक शब्दही न बोलता. समोरच शारूनचंच फिलहार्मोनी संगीतगृह आहे. हंगामात आठवड्यातून एकदा दुपारी तिथे फुकट मैफल असते. वार बदलतो, जायच्या आधी बघून घ्या. आपल्याला पाश्चात्त्य संगीत कळत नाही म्हणून मी पहिले चार महिने गेले नाही. ती चूक तुम्ही करू नका. जिन्यावर डबा घेऊन बसा आणि ऐका.

उन्हाळ्यात तळी. मी श्लाख्टनझेजवळच्या विद्यार्थी वसाहतीत राहायचे. एस-1 च्या स्टेशनातून बाहेर पडून पायऱ्या उतरल्या की पाणीच. तळ्याला पायी पूर्ण फेरी मारायला दीडेक तास लागतो. जूनमध्ये साडेनऊपर्यंत उजेड असतो, तेव्हा वर्ग संपवून पोहायला जाता येतं. मला विहिरीत पोहायची सवय, त्यामुळे थंड पाण्याचं काही वाटलं नाही, पण कडेपासून थोडं आत गेलं की तळ एकदम खोल जातो; नवखे असाल तर सोबत कुणीतरी हवं.

आणि घरून आई-बाबा आले तर त्यांना नदीतल्या महागड्या फेरीबोटीऐवजी वानझेला न्या. तिथून क्लाडोला जाणारी एफ-10 बोट शहराच्या नेहमीच्या तिकिटावर चालते, म्हणजे विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या तुमच्या सेमिस्टर तिकिटावरही (प्रवासाच्या पासावर). वीस मिनिटं तळ्यावरून जाते. बाबांना मी त्या बोटीतून एका दिवसात तीनदा नेलं, त्यांना उतरायचंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी टेम्पेलहोफला नेलं. धावपट्टीवर ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग वाकून गवत उपटून त्याची मुळं बघितली, माती बोटांत चुरडून पाहिली. “रेताड आहे,” म्हणाले, “पण हलकी. वेल धरेल.”

तुम्ही ऑक्टोबरात पोचाल तेव्हा दिवस भराभर लहान होत असतील. पहिल्या रविवारी दुपारी दोनच्या आत फेल्डवर जा, टोपी आणि वारा अडवेल असं जॅकेट घालून. दारं सूर्यास्ताला बंद होतात, आणि मैदान इतकं मोठं आहे की परत दारापर्यंत यायलाच अर्धा तास लागतो.